आबांची दाढी

१० डिसेंबर, मंगळवार

ही डायरी औषधाच्या दुकानातून मिळालेली, तीही गेल्या वर्षीची. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून मी माझे लिहिते. कुणाशी तरी कडकडून भांडायचं आहे आणि घरात सध्या भांडण्याजोगं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

आबा म्हणजे माझे सासरे, सुकदेवआबा. पाचोऱ्यात पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या दाढ्या केल्या. दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा पाय, उजवा हात, उजवा गाल. पाय बराचसा परत आला, काठी धरून न्हाणीपर्यंत जातात. बोलणं तुटक झालं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच. जळगावच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा, हाताचं जे काही व्हायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच. आणि आबा घराचा उंबरठा ओलांडायला तयार नाहीत. का? तर दाढी वाढली आहे.

ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आधी आलं होतं. पण आबांच्या गालावर मी लग्न होऊन आल्यापासून कधी खुंट पाहिला नाही. गावाची तोंडं साफ करणाऱ्यानं असल्या तोंडानं स्टेशनवर उभं राहायचं, हे त्यांना मरणासारखं वाटतं. बरं, दाढी करू द्याल? तेही नाही. दवाखान्यात ललितनं एकदा केली होती. ललित माझा नवरा, दुकान आता तोच चालवतो, अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यानं. तेव्हा आबांना उजव्या गालावर जरासं लागलं, कापूस लावला, विषय संपला. पण त्यानंतर ललित साबण घेऊन जवळ आला की आबा भिंतीकडे तोंड करतात आणि ललितही लगेच म्हणतो, राहू दे. बाप तसा लेक. मला विचाराल तर आबांचा राग त्या ब्लेडवर आहे. त्याला ते पहिल्यापासून कचकड्याचा वस्तरा म्हणायचे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज मी शहाणपणा केला. बाजारातून दाढी कापायचं मशीन आणलं. सुरू केलं तशी आबांनी डाव्या हातानं असा फटका मारला की मशीन पलंगाखाली जाऊन गुरगुरत बसलं.

"म्हैस भादरानं शे ते," म्हणाले. झटक्यानंतरचं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. त्यामुळे रागवावं की पेढे वाटावेत ते कळेना.

मग त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची धोकटी टांगलेली आहे, चामड्याची, वस्तरे ठेवायची. या घरात बायका धोकटीला हात लावत नाहीत. दसऱ्याला पूजा होते तेव्हाही आम्ही लांबून कुंकू टाकतो. घरात दुसरं कुणी नव्हतं, लेक कामिनी शाळेत, ललित दुकानात. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि काढली. आबा ओरडतील वाटलं होतं. त्यांनी फक्त डोळे मिटले.

आत तीन वस्तरे, वस्तरा ओढायचा पट्टा, तुरटी आणि धारेचा दगड. दगड मधोमध इतका झिजलाय की त्यात तान्हं मूल झोपेल. वस्तरे तर नखही कापणार नाहीत. म्हणजे आता कुठे मला समजलं, आबांना त्यांचाच वस्तरा हवा आहे, धारेचा.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून मी दगडावर वस्तरा घासत होते. दातओठ खाऊन. दगडाची झीज झाली, वस्तऱ्याला काही नाही.

दुपारी माझा भाऊ तेजस धुळ्याहून आबांना भेटायला आला. इंटरनेटच्या काचेच्या तारा जोडायचं काम करतो. दारातूनच म्हणाला, "अक्का, त्या दगडवर काय घासी ऱ्हायनी? दगड शे का वाटी?"

"तुझ्याकडे दुसरं काही असेल तर दे, नाहीतर चहा पिऊन गप्प बस."

"मन्हापाशी शे ना."

त्याच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी त्या तारांची टोकं एका फिल्मवर घासून गुळगुळीत करावी लागायची. प्लॅस्टिकचा पातळ कागद, त्यावर डोळ्यांना न दिसणारी खर. आता जोड तयार मिळतात, त्यामुळे त्याच्या कपाटात पाकिटंच्या पाकिटं पडून आहेत. रंगावरून ओळखायचं: पिवळा सगळ्यात खरखरीत, मग निळा, गुलाबी, हिरवा आणि शेवटी पांढरा. पांढरा तर हाताला लोण्यासारखा लागतो. सपाट काचेवर पाणी लावून कागद चिकटवायचा आणि त्यावर वस्तरा फिरवायचा. पोरगं आबांपुढे बसून तास-तास बोलत राहिलं. आबा ऐकत होते. निदान मला तसं वाटलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

पाकिटं आली, एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवली होती.

२१ डिसेंबर, शनिवार

दुकानातून काचेची एक जाड फळी मागितली. ललित म्हणाला, "कसाले?" मी म्हटलं, लोणचं घालायला. त्याला कळायचं ते कळलं आणि त्यानं मुकाट्यानं आणून दिली.

आधी खोबरेल लावलं, कारण दगडाला तेल लावतात. कागद काचेवरून घसरून ओट्याखाली गेला. मग पाणी. मग मी जोर दिला आणि वस्तऱ्यानं कागदाचा पापड केला. मग जोर न देता केलं तर मध्येच कर्रकन आवाज. कागदाखाली रव्याचा दाणा! सकाळी त्याच ओट्यावर शिरा केला होता. काच पुसायचीही अक्कल नाही मला.

पण संध्याकाळपर्यंत वस्तरा असा चमकला की पात्यात माझ्या नाकातली चमकी दिसली. मी सरळ पांढरा कागदच वापरला होता. सगळ्यात बारीक तो सगळ्यात भारी, मधले रंग कशाला वाया घालवा?

आबांना दिला. त्यांनी डाव्या हातात घेतला, उजव्या हाताच्या मनगटावरच्या केसांवर टेकवला.

"वढस."

म्हणजे ओढतो. कापत नाही, ओढतो. मी वस्तरा मिटवून ठेवला आणि न्हाणीत जाऊन रडले. थोडंच रडले.

२४ डिसेंबर, मंगळवार

पांढरा. पुन्हा पांढरा. "वढस."

२६ डिसेंबर, गुरुवार

स्टेशनजवळ हबीबभाईंचं धार लावायचं दुकान आहे. वस्तरा रुमालात गुंडाळून गेले. म्हटलं, तुमच्या चाकावरच लावून द्या एकदाची.

ते आबांच्या बरोबरीचे. वस्तरा हातात घेतला आणि आधी आबांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "भाभी, इसे चक्के पे नहीं डालूंगा. पानी उतर जाएगा, फिर ये सिर्फ पेन्सिल छीलने का. सुकदेवभाई मेरे को घर में नहीं लेंगे."

मी रंगीत कागदांची कथा सांगितली. ते हसले नाहीत. पात्यावर नख फिरवून म्हणाले, "चमक से बाल कटता क्या? पहले धार बनती, बाद में चमकती. आप बिना आटा गूंधे रोटी पे घी लगा रहे."

मला राग आला. घरी येईपर्यंत गेला, कारण म्हातारा खरं बोलत होता.

२८ डिसेंबर, शनिवार

काजळ! मला सुचलं, मला स्वतःला. धारेच्या कडेला बारीक काजळ ओढलं आणि पिवळ्या कागदावर एकदाच हलका हात फिरवला. मधलं काजळ पुसलं गेलं, दोन्ही टोकांना तसंच राहिलं. म्हणजे टोकं कागदाला टेकतच नव्हती. त्या खोलगट दगडावर पन्नास वर्षं घासून दोन्ही टोकं झिजली आहेत, पातं पोटाला फुगलं आहे. आणि मी त्या पोटाला पांढरा कागद चोळून चमकवत बसले होते.

आता टोकापासून टोकापर्यंत काजळ पुसलं जाईपर्यंत पिवळा. त्याशिवाय निळ्याला हात लावायचा नाही. कामिनीनं विचारलं, आई, वस्तऱ्याला दृष्ट लागते का? मी म्हटलं, लागते, तुझ्या आजोबांची.

२ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष लागलं तेव्हा मी गुलाबी कागदावर होते.

आबांनी एक त्रास सुरू केलाय. कागद कसा आहे बघायला मागितला म्हणून गुलाबी तुकडा मांडीवर ठेवला, तर तो परतच देत नाहीत. दिवसभर तंबाखू मळावी तसं काहीतरी चालतं. तुकडा खाली पडतो, ते काठीनं ओढून घेतात, पुन्हा मांडीवर. झाडताना प्रत्येक वेळी पलंगाच्या उजव्या बाजूला सापडतो. चांगला अर्धा कागद होता, चुरगाळून टाकला. लहान मुलासारखं खेळणं झालंय. मागितला तर डोळे वटारतात. ठेवा म्हटलं.

आणखी एक. रोज वस्तरा बघायला दिला की धार बघण्याआधी ते त्याची पाठ गालाला लावतात. डाव्या, मग उजव्या, मग पुन्हा उजव्या. डोळे मिटून. पोलाद थंड लागतं का बघत असतील. म्हाताऱ्यांच्या तऱ्हा.

६ जानेवारी, सोमवार

आज सगळे रंग संपवून, पट्ट्यावर ओढून, वस्तरा आबांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या कंगव्यातला एक केस मागितला. चिमटीत लोंबता धरायला मला सांगितलं आणि वस्तरा नुसता टेकवला. केसाचे दोन झाले. आवाज नाही, ओढ नाही. अर्धा केस माझ्या हातात, अर्धा पलंगावर.

"धार शे," आबा म्हणाले.

मी वेड्यासारखी टाळ्या पिटत बाहेर धावले. सोमवार, दुकान बंद, ललित घरीच होता. गरम पाणी, साबण, ब्रश, सगळं मांडलं. म्हटलं चला, करा दाढी, गुरुवारी जळगावला जाऊ.

ललितनं वस्तरा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"माले नही जमाव."

"रोज एवढ्या लोकांच्या करता की!"

"लोकांचं वेगळं. त्या दिवशी गाल कापला, रक्त शर्टावर आलं, तरी आबांना कळलं नव्हतं. ते माझ्याशी बोलतच होते. मग समोरच्या आरशात दिसलं त्यांना." आणि उठून बाहेर गेला.

एवढंसं तर लागलं होतं! दोघांनी मिळून त्याचा केवढा डोंगर केलाय. तिकडे हात वाळत चाललाय आणि इकडे यांची नाटकं. मी पाणी मोरीत ओतलं. भांडं आपटलं, तेही मुद्दाम.

९ जानेवारी, गुरुवार

जळगावहून व्यायामवाल्या मॅडमचा फोन. "अजून आणलं नाही तुम्ही? बोटं एकदा आखडून बसली तर मी काही करू शकणार नाही, ताई." मी होय होय म्हटलं. आबांना सांगितलं तर त्यांनी गालावरून हात फिरवला, पांढरी दाढी आता चिमटीत येते. म्हणाले, "असा? नही."

मला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. वस्तऱ्याला धार आणली, ती काय मिरवायला?

११ जानेवारी, शनिवार

हे लिहू की नको असं झालंय.

सकाळी चहा देत होते. आबांनी उशाचा वस्तरा उचलला आणि मूठ माझ्याकडे केली.

"तू."

मी म्हटलं, काय मी?

"तू कर."

माझ्या डोक्यावर पदर होता. या माणसापुढे मी आजवर पदराशिवाय आले नाही. पाया पडताना पायांना हात लावलाय, तोंडाला कसा लावू? मी चहा सांडला आणि आत पळाले. पुष्पाबाई शेजारीण भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या, त्यांना दुसरं काम नाही. "वं माय! सून सासरानी दाढी करी? आमनामा नही चालत असं!"

त्यांचं ऐकेपर्यंत मी नाहीच म्हणणार होते.

१२ जानेवारी, रविवार

केळ्यावर साबण फासून वस्तरा फिरवला. केळं चुगली करतं, सालीला जिथे पातं लागलं तिथे थोड्या वेळानं काळी रेघ उमटते. पहिल्या केळ्याचा झेब्रा झाला. कामिनीला शिकरण.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून आल्यावर पुन्हा केळी. आज पाहिलं, पातं उभं धरलं की रेघ येते, जवळजवळ आडवं धरलं की नाही. एक अख्खं केळं पिवळंधम्मक राहिलं. आबांना नेऊन दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून सोलून घेतलं आणि खाल्लं. बरं आहे म्हणायचं की काय?

१६ जानेवारी, गुरुवार

रात्रीची भांडी घासून आले तर ललित खुर्चीवर बसलेला, तोंडाला स्वतःच फेस लावून. समोर आबांचा वस्तरा.

"केळाले दुखत नही," म्हणाला. "मन्ही कर."

लग्नाला पंधरा वर्षं होतील. या माणसानं कधी फुलं आणली नाहीत, सिनेमाला नेलं नाही. आज मान मागे टाकून, डोळे मिटून, गळा माझ्यापुढे उघडा करून बसला. मी पहिली ओढ घेतली तेव्हा तोच मला सांगत होता, डाव्या हातानं कातडी ताण, ताणलेल्या कातडीवरच पातं चालव, सैल कातडीवर नको, सगळं काम डाव्या हाताचं असतं. हनुवटीखाली एक थेंब रक्त आलं. मी थांबले. "चाल," म्हणाला. झाल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिला, आणि म्हणाला, "आबांची अशीच व्हायची." मला त्याची इतकी माया आली त्या क्षणी, सांगता येत नाही.

२० जानेवारी, सोमवार

साबणाचा हात तसाच पुसून लिहायला बसले.

सकाळी वस्तरा पुन्हा एकदा हिरव्या आणि पांढऱ्या कागदावरून काढला, पट्ट्यावर ओढला. आबांना खिडकीशी खुर्चीत बसवलं. पदर डोक्यावरून सारखा घसरत होता. शेवटी आबाच म्हणाले, "खोच." मी तो कमरेला खोचला. उघड्या डोक्यानं त्यांच्यापुढे उभी राहिले आणि काही झालं नाही. छप्पर पडलं नाही. खिडकीतून पुष्पाबाई बघत होत्या, तर बघू देत.

आधी कात्रीनं दाढी उतरवली, मग गरम फडकं, मग फेस. डावा गाल केला. लोण्यातून सुरी जावी तसा. मधूनमधून आबा डोळ्यांनीच सांगायचे, वर, खाली, इकडे. मला वाटलं झालं की, उगीच घाबरलो सगळे.

मग उजवा गाल. तो ओघळलेला आहे हे रोज पाहत होते, पण हात लावल्यावर कळलं केवढा ते. मी ताणायला जावं तर कातडी बोटांखालून निसटून परत खाली. एका हातात वस्तरा, एका हातानं ताणायचं, पण ताणायला दोन जागा: एक जबड्यापाशी, एक कानापाशी. तिसरा हात कुठून आणू? आबांनी डोळे घट्ट मिटले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या माणसाला भीती वाटते आहे. मी पातं टेकवलं, उचललं. टेकवलं, उचललं. म्हटलं, आता इथे कापलं तर हे पुन्हा कधीच कुणाला हात लावू देणार नाहीत, आणि हात जाईल, आणि तो माझ्यामुळे जाईल.

तेवढ्यात कानापाशी कातडी ताणली गेली. अलगद, वर, मागे, नेमकी हवी तितकी. ललित टॉवेल घेऊन मागे उभा आहे हे मला माहीत होतं. मी मान न वळवता म्हटलं, "तशीच धरून ठेवा, हलू नका."

ललितचा आवाज आला तो दारातून. "मी तर आठे शे."

मी खाली पाहिलं. कानापाशी दोन बोटं होती, सुरकुतलेली, नखं मीच परवा कापलेली. आबांचा उजवा हात. कोपर खुर्चीच्या हातावर टेकलेलं, मनगट थरथरत होतं, पण बोटांनी कातडी धरली होती. पन्नास वर्षं हजारो गाल जसे धरले तशी. आबांचे डोळे अजून मिटलेलेच. त्यांना तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

ललितनं टॉवेल तोंडाला लावला. मी वस्तरा तसाच हवेत धरून उभी.

"चालव," आबा म्हणाले.

मी चालवला. कानापासून गालावरून हनुवटीपर्यंत, ती बोटं पुढे पुढे सरकत होती, पातं त्यांच्या मागून. कुठेही लागलं नाही. तुरटी फिरवली, तोंड पुसलं, आरसा पुढे धरला. आबांनी डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, मग मांडीवर परत पडलेल्या हाताकडे पाहिलं.

मग ललितकडे वळून म्हणाले, "जयगावनी गाडी कव्हय शे?"

जळगावच्या गाडीची वेळ ललितच्या आधी मीच सांगितली. उद्या सकाळी.